फक्त दोन तासांचं काम

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कितीतरी मोबाइलांत त्याचा नंबर आहे आणि एकातही त्याचं नाव नाही. एचआरच्या मॅडमनी तो ‘फेस मशीन’ म्हणून सेव्ह केलाय, भोसरीच्या शेठनी ‘पंचिंगवाला’ म्हणून, आणि जिथे जुनं बोटाचं यंत्र अजून तग धरून आहे तिथे तो ‘थंब’ आहे. ‘थंबला फोन लाव’, ‘थंब उद्या येतो म्हणाला’, ‘थंबला चहा सांग’ ही वाक्यं तिथे कोणाला विचित्र वाटत नाहीत. त्यालाही नाही. फोन उचलला की तो स्वतःच म्हणतो, “हां सर, बायोमेट्रिक बोलतोय.”

कारखान्यात चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र बसवायचं, चालू करून द्यायचं, आणि पुढे ते बंद पडलं की ‘बंद नाही सर, ऑफलाइन आहे’ असं सांगायचं, हे त्याचं काम. ज्या एजन्सीत तो नोकरीला आहे तिचा मालक कोटेशन देतो आणि पैसे घेतो. मधलं सगळं याच्या पाठीवरच्या बॅगेत असतं. ड्रिल मशीन, केबलची पिना मारायची पक्कड, स्क्रूची डबी, एक जुना लॅपटॉप ज्याचं चार्जर टेप लावून जोडलंय, आणि डबा. वय पंचविशीच्या आत-बाहेर. मूळचा लातूर-बीडकडचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, मोशीत कॉट बेसिसवर राहणारा. ‘पोरगं पुण्याला कंपनीत आहे’ असं गावाकडे सांगतात, आणि ते खोटं म्हणता येणार नाही. तो रोज तीन-तीन कंपन्यांत असतो.

काम कितीही मोठं असो, त्याचा अंदाज ठरलेला: “सर, फक्त दोन तासांचं काम आहे.” भोसरीतल्या पंधरा माणसांच्या वर्कशॉपला दोन तास, आणि म्हाळुंग्यातल्या तीन पाळ्या, चार गेटं आणि नऊ ठेकेदार असलेल्या प्लांटलाही दोन तास. शाइस्तेखान 1660 साली चाकणच्या संग्रामदुर्गापुढे येऊन बसला तेव्हा त्याच्याही कोणी तरी असंच काही कानावर घातलं असणार. फिरंगोजी नरसाळ्यांनी त्याला सुमारे दोन महिने बसवून ठेवलं. चाकणची हवाच तशी आहे.

मुळात तो सांगितलेल्या वेळेला पोचत नाही. यात त्याचा दोष किती आणि रस्त्याचा किती हे ठरवणं अवघड, कारण चाकणचा तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक या दोन जागा अशा आहेत की तिथे कोणाचीही थाप खरी ठरते. मोशीच्या खोलीत दात घासत असला तरी तो फोनवर सांगतो, “सर, चौकात अडकलोय.” पलीकडचे एचआर साहेब कालच त्या चौकात तासभर अडकलेले असतात, ते उलट हळहळतात. या पट्ट्यात एवढी एकच सबब अशी आहे जिला कोणी पुरावा मागत नाही. आता ज्या कामगारांचा उशीर सेकंदासकट टिपणारं यंत्र लावायला हा येतो, त्यांची बसही त्याच चौकात उभी असते. त्यांना मात्र ही सबब चालत नाही. त्यांचा लेट मार्क लागतो.

गेटवर त्याची पहिली परीक्षा होते. गार्ड रजिस्टर पुढे सरकवतो: नाव, गाडी नंबर, कोणाला भेटायचंय, आत आल्याची वेळ. लॅपटॉपचा सीरियल नंबर. पायात सेफ्टी शूज नाहीत, मग पाहुण्यांसाठी ठेवलेले दहा नंबरचे बूट, जे याच्या पायात पुढून रिकामे राहतात. शेवटी गार्ड त्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतो, कारण आत फोटो काढायला मनाई आहे. पाठीवर एक अख्खा कॅमेरा घेऊन आलेला माणूस खिशातल्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावून आत जातो. “आणि हा गेटपास. जाताना साहेबांची सही पाहिजे. सहीशिवाय बाहेर सोडणार नाही,” गार्ड बजावतो. हा मान हलवतो. प्रत्येक गेटवर असंच बजावतात.

यंत्र भिंतीवर कुठे लावायचं, यावर निम्मा दिवस जातो. त्याचं स्वतःचं मागणं माफक असतं. जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंची, माणसाच्या तोंडावर उजेड, पाठीमागे ऊन नको, वर पाऊस नको, जवळ विजेचा पॉइंट आणि नेटवर्कची केबल. पण भिंत ही कारखान्यातली सर्वांत राजकीय वस्तू आहे हे त्याला डिप्लोमाला कोणी शिकवलेलं नव्हतं. गार्डला ते केबिनपाशी नको असतं, कारण मग पाळी सुटताना त्याच्या दारात जत्रा भरते. प्रॉडक्शनच्या साहेबांना ते शॉपच्या आत, थेट मशीनच्या तोंडाशी हवं असतं. गेटवर पंच केलं की माणसं लॉकर, कपडे आणि तंबाखू यांत वीस मिनिटं काढतात असा त्यांचा अभ्यास आहे. कामगारांचं म्हणणं, वेळ गेटपासून सुरू होते. गेट ते शॉप आम्ही काय फिरायला येतो का? इलेक्ट्रिशियनला ते जिथे पॉइंट आधीच आहे तिथे हवं असतं, म्हणजे संडासाच्या बाहेर. आणि भोसरीचे शेठ म्हणतात, “माझ्या केबिनच्या काचेतून दिसलं पाहिजे.” म्हणजे यंत्र माणसांवर नजर ठेवणार आणि शेठ यंत्रावर.

हा तंटा त्याच्या यंत्राहून बराच जुना आहे. अमेरिकेत विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने 1880-90च्या सुमाराला हजेरीचं घड्याळ केलं, त्या घड्याळाची कंपनी पुढे इतरांत मिसळत 1911 साली एका मोठ्या कंपनीत गेली आणि त्या कंपनीने 1924 साली आयबीएम हे नाव घेतलं. म्हणजे संगणकाच्या एवढ्या मोठ्या घराण्याचा एक पणजोबा फाटकापाशी उभा राहून कोण उशिरा आला ते बघत होता. आमच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे त्यांचं मेंटेनन्सचं काँट्रॅक्ट किती वर्षं चाललं असेल सर!”

जागा ठरते. भोकं पडतात. आणि दुपारच्या उजेडात बसवलेलं, अगदी झकास चालणारं यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला एकालाही ओळखत नाही. कारण गेट पूर्वेला आहे. प्रत्येक माणसाच्या मागे सूर्य उगवलेला असतो आणि यंत्राला समोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. रांग रस्त्यापर्यंत जाते. फोन येतो. तो येतो (चौकातून), बघतो, यंत्र रिस्टार्ट करतो, कारण त्याच्या शास्त्रात पहिला उपचार तोच. मग स्टोअरमधून पॅकिंगचा पुठ्ठा मागतो, कात्रीने कापतो आणि यंत्राच्या डोक्यावर त्याची झडप करून खाकी टेपने चिकटवतो. “टेम्पररी आहे सर. पुढच्या व्हिजिटला प्रॉपर हूड लावतो.” पुढची व्हिजिट होते, तिच्या पुढचीही होते. पुठ्ठ्याची झडप दोन पावसाळे बघते.

पण त्याला खरा पाहायचा तो नोंदणीच्या दिवशी. कॅन्टीनच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर यंत्र, समोर रांग, आणि हा राजा. एरवी कारखान्यात सगळे त्याला हुकूम सोडतात. आज प्लांट हेडपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना तो हुकूम सोडतो. “सरळ बघा. हनुवटी खाली. हसू नका.” ‘हसू नका’ म्हटलं की हसू येतंच. मागचे लोक मुद्दाम काही तरी बोलतात आणि पुढचा फुटतो. “भैया, हिलो मत.” झारखंडचा, ओडिशाचा, बिहारचा, परभणीचा, वाशीमचा पोरगा रांगेत एकामागे एक. पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी माणसं बसतात, कोणी खिशातून कंगवा काढतो, आणि एखादे सीनियर फोरमन उगाच छाती फुगवून उभे राहतात, जणू छातीचीही नोंद होणार आहे.

बायकांची रांग आली की त्याची पंचाईत होते. स्कूटरवरून आलेल्या ताई पुण्याच्या रीतीप्रमाणे स्कार्फ असा गुंडाळून येतात की फक्त डोळे दिसतात. “ताई, स्कार्फ काढावा लागेल.” “रोज काढायचा? आत येताना?” “हो ताई.” “मग बांधायचा कशाला?” याचं उत्तर त्याच्या मॅन्युअलमध्ये नाही.

2020च्या मार्चात सरकारी कार्यालयांनी संसर्गाच्या भीतीने बोटांच्या हजेऱ्या बंद केल्या, खासगी कंपन्यांनीही केल्या, आणि ‘हात न लावता हजेरी’ म्हणून ही चेहऱ्याची यंत्रं खपू लागली. तेव्हा अडचण अशी झाली, की हात लावायचा नव्हता हे खरं, पण चेहराही कोणाचा उघडा नव्हता. त्या काळात याने ‘मास्कसकट ओळखतं’ असं सांगून बरीच यंत्रं बसवली. ती ओळखत असत. कधी कधी दुसऱ्यालाच. तरी बोटापेक्षा चेहरा बरा, असं या पट्ट्यातला कामगारही म्हणेल. वर्षानुवर्षं कूलंटमध्ये आणि लोखंडाच्या चिप्समध्ये हात घालणाऱ्याच्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत. थंबच्या यंत्रापुढे माणसं अंगठा केसांत घासायची, कपाळावर घासायची, ओल्या फडक्याला पुसायची, आणि यंत्र बाईच्या आवाजात इंग्रजीतून म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. ज्याने सगळ्यांत जास्त काम केलेलं, त्यालाच ते सगळ्यांत कमी ओळखायचं.

नवं यंत्र ओळख पटली की ‘थँक यू’ म्हणतं. पहिल्या आठवड्यात या ‘थँक यू’चं फार कौतुक झालं. प्रेस शॉपमधला एक जण उगाचच चार-चारदा पंच करायचा. विचारलं तर म्हणाला, “इथे दुसरं कोण म्हणतंय?”

चेहऱ्याचं शास्त्र याला मालकाने शिकवलं नाही, श्रावणाने शिकवलं. ऐन श्रावणात एका प्लांटची नोंदणी केली. निम्म्या पुरुषांच्या दाढ्या वाढलेल्या. श्रावण संपला, गणपतीच्या आधी सगळे तुळतुळीत झाले, आणि एका सकाळी यंत्राने दाढी काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून तो एचआरला सांगतो, श्रावणात नोंदणी नको सर, अधिक मास आला तर तोही बघा. तिरुपतीहून केस देऊन आलेला, फाउंड्रीतून काजळी घेऊन आलेला, जेजुरीहून भंडारा लावून आलेला, चष्मा बदललेला, लग्नात वजन वाढलेला, या सगळ्यांची त्याला आधीच चाहूल लागते. रस्त्यावरही तो माणसांकडे याच नजरेने बघतो. भोसरीच्या बस थांब्यावर एखाद्याला गाठून म्हणतो, “तुम्ही निघोज्याच्या प्लांटला ना? उजवीकडे बघायला सांगितलं की डावीकडे बघत होता.” नाव विचारलं तर सांगता येणार नाही. या पट्ट्यातल्या हजारो माणसांना सरळ समोरून, नीट उजेडात पाहिलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. त्यांच्या सुपरवायझरनीही त्यांना असं पाहिलेलं नसतं.

सेटिंगमध्ये एक आकडा असतो, किती जुळलं म्हणजे ‘हाच तो’ म्हणायचं, याचा. तो त्याला ‘कडकपणा’ म्हणतो. कडकपणा वाढवला तर खऱ्या माणसाला यंत्र परकं म्हणतं. कमी केला तर त्याच्या चुलतभावालाही आत घेतं. एचआर साहेब म्हणतात, “दोन्ही नको.” तो म्हणतो, “सर, दोन्ही नको असेल तर गार्ड ठेवा.” एका ठिकाणी जुळे भाऊ होते, एक पहिल्या पाळीला, एक दुसऱ्या. त्यांच्यासाठी त्याने कडकपणा वर नेऊन पाहिला, खाली आणून पाहिला, शेवटी एकाला मिशी ठेवायला सांगितलं. मिशी ठेवणाऱ्याने महिना शंभर रुपये भत्ता मागितला. तो प्रस्ताव अजून अकाउंट्सकडे आहे.

रांगेतल्या एका ताईंनी त्याला एकदा विचारलं, “हा फोटो जातो कुठे?” हे त्याला पाठ होतं. “फोटो राहत नाही ताई. चेहऱ्याचे आकडे होतात. डोळे, नाक, हनुवटी, सगळं मिळून आकड्यांची माळ. ती सेव्ह होते.” “कंपनी सोडली की ते आकडे आम्हाला परत देतात का?” त्याने एचआरकडे पाहिलं. 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, हे एचआरलाही ठाऊक होतं. त्यासाठी एक इंग्रजी फॉर्म छापून आणला होता आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन झाल्या होत्या. ताईंचीही सही त्यात होती. त्यावर काय लिहिलं होतं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा याने घाईघाईने यंत्र रिस्टार्ट केलं.

आणि मग तो प्रकार, जो त्याच्या धंद्यात नेहमी होतो आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही. ठेकेदाराने नवी पोरं आणलेली असतात. एक पोरगा यंत्रापुढे उभा राहतो. यंत्र क्षणभर थांबतं आणि पडद्यावर लिहून येतं की हा चेहरा आधीच नोंदवलेला आहे. खाली जुना नंबर. हा सहज विचारतो, “आधी होतास का रे इथे?” पोरगा ठेकेदाराच्या माणसाकडे बघतो. ठेकेदाराचा माणूस एचआर साहेबांकडे बघतो. एचआर साहेब पंख्याकडे.

वर्षात 240 दिवस भरले की कायदा ती सलग नोकरी धरतो, आणि पुढचे सगळे हक्क त्या आकड्याच्या मागे रांगेत उभे असतात. म्हणून तो आकडा येण्याआधीच सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ द्यायचा आणि थोड्या दिवसांनी त्याच पोराला नव्या नंबरने, कधी नव्या ठेकेदाराच्या नावावर, परत घ्यायचं, ही इथली जुनी वहिवाट. कागदांना ती चांगली कळते. मस्टर नवं, गेटपास नवा, हेल्मेटचा रंग नवा. यंत्राला अजून कोणी समजावलेलं नसतं. ते आपलं सरळपणाने सांगतं, की हा तोच.

“जुना उडवा,” साहेब म्हणतात.

“उडवतो सर. पण लॉग राहतो.”

“म्हणजे?”

“कधी आला, कधी गेला, ते. चेहरा जातो, पंच जात नाहीत.”

“मग तेही उडवा.”

“त्याला ॲडमिन पासवर्ड लागतो सर. तो आधीच्या मॅडमकडे होता.”

“मग त्यांच्या लॉगिनने करा ना.”

“त्यांचा युजर उडवलाय सर. मागच्या महिन्यात तुम्हीच सांगितलं होतं.”

मला वाटायचं, अशा वेळी त्याच्या मनात काही तरी येत असेल. येत असेलही. त्याचं स्वतःचं नेमणूकपत्र अकरा महिन्यांचं असतं आणि दर वर्षी नव्याने मिळतं. पण तो बोलत नाही, क्रांतीबिंती तर दूरच. तो जुना नंबर उडवतो, नवा टाकतो, पोराला म्हणतो ‘सरळ बघ’. यंत्र ‘थँक यू’ म्हणतं. पोरगा निघताना त्याला डोळ्याने खूण करतो आणि तोही उत्तरादाखल भुवई उडवतो. ती खूण यंत्राला कळत नाही, कारण त्याच्यापुढे भुवया हलवायच्या नाहीत, असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं.

महिना संपला की पहिला रिपोर्ट निघतो, आणि भोसरीचे शेठ छातीवर हात ठेवून फोन करतात. रिपोर्टप्रमाणे सगळा कारखाना दर गुरुवारी गैरहजर आहे आणि दर रविवारी सगळ्यांनी सुट्टीच्या दिवशी जादा काम केलंय. विजेचा भार वाटून घ्यायला उद्योगांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांवर टाकल्या गेल्या, त्यात इथल्या कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो अंगवळणी पडला. इथल्या पोरांची लग्नं, दाढी, दवाखाना, सासुरवाडी, सगळं गुरुवारी होतं. पण ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं त्यांची सुट्टी रविवारी असते. जगात गुरुवारी सुट्टी घेणारी माणसं आहेत, हे त्यांना भोसरीला आल्याशिवाय कळणार कसं?

त्याहून भारी रात्रपाळी. माणूस रात्री अकराला येतो, सकाळी सातला जातो. सॉफ्टवेअर एका तारखेतला पहिला पंच ‘इन’ धरतं आणि शेवटचा ‘आउट’. त्या तारखेला त्या बिचाऱ्याचा पहिला पंच सकाळी सातचा, घरी जातानाचा. शेवटचा रात्री अकराचा, परत आल्याचा. झालं, सोळा तास काम! जे सोळा तास तो कंपनीत नव्हता, त्यातले बरेचसे झोपेत होता, ते सगळे कामात. आणि ज्या आठ तासांत त्याने ग्राइंडर चालवला ते कुठेच नाहीत. नऊ तासांवर काम गेलं की दुप्पट दर, हा 1948च्या कारखाना कायद्यातला नियम. सॉफ्टवेअरला नेमका तो नियम पाठ. म्हणजे झोपेचे दुप्पट पैसे. रात्रपाळीच्या लोकांनी एकमुखाने सांगितलं, यंत्र अगदी बरोबर आहे, त्याला हात लावू नका. शेठ मात्र ओरडत होते, “अरे, हे मशीन आहे का युनियन लीडर?”

“सर, मशीन ओके आहे. शिफ्टची पॉलिसी चुकलीये. दोन तासांचं काम आहे.”

खंडेनवमीचा किस्सा तो स्वतःच सांगतो. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा. लेथ, प्रेस, काँप्रेसर, फोर्कलिफ्ट, प्रत्येकाला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. तेव्हा हजेरीचं यंत्रही यंत्रच. कोणी तरी भक्तिभावाने माळ अडकवली ती नेमकी कॅमेऱ्यावरून, आणि कुंकवाचं बोट लावलं ते इन्फ्रारेडच्या डोळ्यावर. दुसरी पाळी सगळी गैरहजर. याला फोन गेला, तेव्हा तो सुट्टी काढून गावाला, आपट्याच्या पानांच्या तयारीत. “फोटो पाठवा सर.” फोटो आला. “माळ काढा.” पलीकडून गार्ड म्हणाला, “पूजेची माळ आजच्या आज काढत नाहीत.” मग कात्रीत सापडलेल्या एचआरने तोडगा काढला: माळ तशीच, आणि दुसरी पाळी रजिस्टरवर. आंधळं झालेलं ते यंत्र रात्रभर फुलांत होतं आणि फार शोभिवंत दिसत होतं म्हणे.

त्याची स्वतःची हजेरी कशी लागते, हे विचारू नये. मालकाने मोबाइलवर ॲप दिलंय. प्रत्येक साइटवर पोचलं की स्वतःचा चेहरा दाखवायचा, ठिकाणासकट नोंद होते. पण साइटवर कॅमेऱ्याला लाल स्टिकर असतो. स्टिकर काढला तर गार्ड धरतो, नाही काढला तर मालक पगार कापतो. म्हणून तो गेटच्या बाहेरच, आत जायच्या आधी, हेल्मेट काढून हजेरी लावतो. आणि आत काय केलं, किती वेळ केलं, याची कुठेच नोंद नसते. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, हा शब्द त्याने रोज शंभरदा सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलाय. त्याला मिळालेला मात्र माझ्या ऐकिवात नाही.

परवा खराबवाडीच्या बाजूला एका प्लांटमध्ये त्याने नवं यंत्र चालू केलं. जागा, ऊन, रांग, गुरुवार, सगळं निस्तरून. एचआर साहेब एवढे खूश झाले की पाच-तीसच्या ठोक्याला त्यांनी स्वतःच पहिला आउट पंच मारला, ‘थँक यू’ ऐकलं, टाळ्या घेतल्या आणि गाडीत बसून निघून गेले. हा केबल आवरून, पुठ्ठा चिकटवून साडेसहाला गेटवर आला. दहा नंबरचे बूट काढले.

“गेटपास?” गार्ड म्हणाला. “सही नाही यावर.”

“साहेब गेले ना काका. आत्ता, माझ्यासमोर.”

“सहीशिवाय सोडता येत नाही.”

“अहो, हे मशीनच मी लावलंय.”

“मग मशीनची सही आणा.”

“माझं नाव टाकून घेतो मशीनमध्ये. आउट पंच करतो आणि जातो. मग तर झालं?”

“तुम्ही एम्प्लॉयी कुठायत?”

साहेबांचा फोन लागत नव्हता. ते बहुधा चौकात असणार. गार्डकाकांनी स्टूल पुढे सरकवलं, थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला आणि पुन्हा रजिस्टरात मान घातली. एवढ्यात याचा मोबाइल वाजला. तळवड्याचे शेठ, दुपारी चारपासून वाट बघत असलेले.

“हां सर, बायोमेट्रिक बोलतोय… निघालोय सर, केव्हाचा. नाही, नाही, चौकात अडकलोय. जाम ट्रॅफिक आहे.”

पलीकडून बराच वेळ काही तरी चालू होतं. त्याने मोबाइल कानापासून थोडा दूर धरला. गार्डकाकांनी रजिस्टरातून डोळे न काढता हळूच विचारलं,

“बाहेर जाऊन हॉर्न वाजवू का?”